शिंक्यातली अमेरिकावाली

जन्नतबीला झाडातलं काडीचं कळत नव्हतं. हे मी तवाबी म्हनत व्हतो, आजबी म्हनतो. कुनाला पटू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. वाईची बाई, बाजा विनून पोट भरनारी. काथ्याचं सुंभ हातात घेतलं की तिची बोटं कुठनं कुठं जात्यात ते दिसायचं न्हाई, एवढा हात चपळ. हे मी मानतो. पर बाज येगळी आन् झाड येगळं. झाडातलं कळायला जल्म जावा लागतो, आन् त्यो माझा गेलाय.

मी केरबा. गाव मसूरच्या अलीकडं. घरची ऊसाची जमीन थोरला भाऊ आकाराम बघायचा, मधला पलटनीत गेला, आन् मी पाचगणीला खोर्शेदबाईंच्या बंगल्यावर माळी म्हनून चिकटलो तो बावीस वर्सं. बंगल्यामागं काचघर व्हतं. पाचगणीचा पाऊस तुमाला ठावं हाय, चार-चार महिनं अंगावरचं कापड वाळत न्हाई. पर काचघरात पाय टाकला की उबारा. साठ-सत्तर कुंड्या. नेचं, बिगोनिया, लाल पानांची झाडं. आन् पार शेवटच्या फळीवर ती.

तिचं नाव पाटीवर स्टॅनहोपिया असं लिवलेलं. आमी तिला अमेरिकावाली म्हनायचो. बाईंचे मालक, म्हंजे आमचे शेठ, हयात व्हते तवा त्येंनी कालिंपाँगच्या नर्सरीतनं पार्सलनं मागवलेली. शेठ सांगायचे, तिकडं अमेरिकेच्या खालच्या अंगाला रानात मोठाल्या झाडांच्या फांद्यांवर ती वाढती, मातीत न्हाई. पहिल्यांदा ऐकलं तवा मी म्हनलो, "म्हंजे बांडगूळच की, शेठ!"

शेठ लय हसले. म्हनले, "अरे, बांडगूळ झाडाचा रस पितं. ही नुसती बसायला जागा मागते. हवा खाते आणि पावसाचं पाणी पिते."

मग तसंच केलं. वाईच्या कुंभाराकडनं चारी बाजूंनी भोकं पाडलेली कुंडी घडवून आनली, हवा खेळावी म्हनून. आत माती न्हाई. इटांचं तुकडं, कोळसा आन् आंब्याच्या खोडावरचं शेवाळ. दिसातनं दोनदा फवारा. पानं अशी हिरवीगार, रुंद, की पाव्हनं इचारायचं, हे काय हळद लावलीय का? पर फूल न्हाई. एक वरीस न्हाई, दोन न्हाई, नऊ वर्सं न्हाई. शेठ गेले. बाई दर श्रावनात काठी टेकत काचघरात यायच्या, तिच्याकडं बघायच्या आन् म्हनायच्या, "केरबा, यंदापण नाही?" मी मान खाली घालायचो. माझ्या हातनं गुलाब फुलला, हायड्रेंजिया फुलला, आसपासच्या बंगल्यांचे माळी मला इचारायला यायचे. आन् ही एकटी बया माझं नाक कापत बसलेली. तरीबी मला तिचाच लळा. घरची भाकरी इसरंन, पर तिचा फवारा न्हाई.

त्यात बाहत्तरच्या दुष्काळात जन्नतबी आली. गावंच्या गावं खडी फोडायला गेलेली, बाजा कोन विनून घेनार? तिचा नवरा निजाम कल्हईवाला, त्यो छातीच्या रोगानं आधीच गेलेला. पोरगी शाहजादी मिरजेला दिलेली. बाईंच्या व्हरांड्यातल्या सहा बाजा सैल पडल्या व्हत्या, त्या विनायला म्हनून हिला कुनीतरी आनलं. पंधरा दिसांत सहा बाजा अशा तानल्या की वर रुपाया टाकला तर उडावा. बाई खूष. म्हनल्या, ऱ्हा इथंच, काचघराच्या काचा पूस, झाडलोट कर. गॅरेजमागची खोली दिली तिला.

खोली दिली त्येचं मला काय न्हाई. पर चा दिला, ते मला खुपलं. अठरा वर्सं मला पितळेच्या पेल्यात चा आला, मागच्या पायरीवर. आन् हिला दुसऱ्याच महिन्यात बाई व्हरांड्यात समोर बसवून कपबशीत चा देत्यात! दोघी बोलत बसायच्या. काय बोलायच्या देव जाने. जन्नतबी खळखळून हसायची, बाईबी हसायच्या, आन् मी हिकडं खुरपं घिऊन गवतावर राग काढायचो.

माझ्याशीबी ती बोलायची, न्हाई असं न्हाई. "केरूदादा" म्हनायची. एकदा काच पुसता पुसता म्हनली, "केरूदादा, ह्या झाडास्नी तुमी पोटच्या पोरावानी जपता, पर त्येंच्याकडं बघून हसत न्हाई कवा. फौजदारावानी हुभं ऱ्हाता."

"तू काचा पूस," मी म्हनलो.

"पुसतीया की," म्हनली आन् पुन्ना हसली. अशी बाई. राग म्हनून यायचाच न्हाई तिला. अशा मानसाशी भांडायचं तरी कसं?

पंच्याहत्तर साली आषाढात मला हिवताप धरला. दात वाजायला लागले, खुरपं धरवंना. भाऊ येऊन गावी घिऊन गेला. जाताना मी बजावून सांगितलं, "जन्नतबी, झाडास्नी हात लावायचा न्हाई. बाई सांगतील तेवढा फवारा. आन् अमेरिकावालीकडं तर बघायचंबी न्हाई." तिनं मान डोलावली.

कराडच्या डाक्टरनं कडू गोळ्या दिल्या. महिना-सव्वा महिना मी अंथरुनात. भाऊ ऊसाचं बोलायचा, वहिनी पेज द्यायची, आन् माझ्या डोक्यात काचघर. श्रावन सरता सरता अंगात ताकद आली तशी मी येष्टी धरली.

बंगल्याच्या फाटकातच वास आला. दालचिनी, विलायची आन् बेकरीतला गोड केक, असं सगळं एकात एक. मला वाटलं बाईंकडं पाव्हनं आल्यात. तर बाईच काठी न घेता व्हरांड्यात आल्या आन् पोरीवानी वरडल्या, "केरबा! आली, आली! तुझी अमेरिकावाली आली!"

पळत गेलो. फळीवर कुंडीच न्हाई. वर बघितलं तर छताच्या लोखंडी पट्टीला शिंकं टांगलेलं, आपन दह्याचं मडकं टांगतो तसलं, काथ्याच्या सुंभाचं. त्यात अमेरिकावाली बसलेली. आन् शिंक्याच्या बुडातनं, खाली, जमिनीकडं तोंड करून पाच फुलं लोंबत व्हती. मेनाची असावीत अशी जाड, पिवळसर, अंगावर काळपट लाल ठिपकं. पाकळ्या मागं उलटलेल्या. मी जल्मात असलं फूल बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पानी आलं. खोटं का बोलू? पहिलं पानी आनंदाचंच व्हतं.

मग बाई म्हनल्या, "जन्नतच्या हाताला गुण आहे हं, केरबा. तू नऊ वर्षं केलंस, आणि हिने एका महिन्यात करून दाखवलं."

तिथं ते पानी आटलं. नऊ वर्सं! थंडीत माझं पांघरून मी त्या फळीवर टाकलंय. शेवाळ आनायला टेबललँडच्या कड्याखाली उतरलोय, घसरून गुडघा फोडून घेतलाय. आन् गुन कुनाच्या हाताला? सुंभ वळनारीच्या!

तिला एकटीला गाठून इचारलं, "काय केलंस तू?"

"कुठं काय? तुमी गेला आन् आठ दिसांत माकडानं काच फोडून कुंडी पाडली. फुटली. तुमी म्हनलावता हात लावू नगं. पर म्हंजे भुईवर लोळू द्यायची व्हय तिला? सुंभ व्हता, शिंकं केलं, टांगलं. बस."

"बस?"

"बस की. फवारा मारला. अजून काय करतेत?"

इस्वास नव्हता माझा. मला वाटलं, ही लपवतीया. कुठल्या दर्ग्याचं पानी घातलं असंल, मासळीचं धुवान घातलं असंल, कायतरी हाय आन् मला सांगत न्हाई. शेजारच्या बंगल्याचा माळी जोतीराम बघायला आला, शाळेच्या मास्तरनी आल्या, फोटोवाला आला. सगळी जन्नतबीला इचारत्यात, ती हसतीया आन् म्हनतीया, "अल्लाची देन." आन् मी मागं हुभा, झारी घिऊन. तीन दिसांत फुलं गळली. चौथ्या दिशी मला झोप लागली, हे आता कबूल करतो.

म्होरल्या हिवाळ्यात बाईंची तब्येत ढासळली. पुन्याला भाचीकडं जायचं ठरलं. बंगला एका बोर्डिंग शाळेनं घ्यायचं पक्कं केलं. शाळा काचघर ठिवनार व्हती, पर त्येला एकच मानूस. एकच. खोली आन् कायमची नोकरी. हे कळल्यापासनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हनायला माझं घर व्हतं, जमीन व्हती. पर बावीस वर्सांनी गावाकडं जाऊन मी भावाच्या बांधावर काय म्हनून हुभा ऱ्हानार? काचघर सोडून मी कोन?

आन् एक दिस खिडकीखाली आळं करताना बाई भाचीला सांगताना ऐकलं. "मी जन्नतचं नाव सांगणार आहे. केरबाला गावी घरदार आहे, तिला कोण आहे? आणि ते फूल तर तिनंच आणलं." भाची "हो, हो" करत व्हती. मी तसाच उकिडवा बसून ऱ्हायलो. पायाला मुंग्या आल्या तरी उठवंना.

शाळेचे प्रिन्सिपॉल बघायला आले त्या दिशी बाईंना ताप भरला व्हता, त्या खोलीबाहेर आल्या न्हाईत. भाची म्हनली, केरबा, साहेबांना काचघर दाखव. मी दाखवलं. उंच मानूस, तोंडात पाइप. फिरत फिरत शिंक्याखाली हुभे ऱ्हायले. म्हनले, "हीच ना ती? फोटो पाहिला मी. कोणी फुलवली ही?"

जन्नतबी तिथंच, चार हातांवर, बादली आन् फडकं घिऊन. मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

"मी, साहेब," म्हनलो. "नऊ वर्सं करतोय तिचं."

"आणि या बाई?"

"ती काचा पुसती."

बोललो ते एकबी अक्षर खोटं नव्हतं, असं मी मनाला लय दिस सांगितलं. करत व्हतोच की नऊ वर्सं. आन् पुसत व्हतीच की ती काचा. जन्नतबीनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आन् पुढची काच पुसायला घेतली. साहेबांनी माझं नाव लिवून घेतलं. नंतर बाईंनी जन्नतबीसाठी चिठ्ठी दिली, पर तवर ठरलं व्हतं. माळी पायजे तर माळीच, असं साहेब म्हनले.

ती गेली त्या सकाळी धुकं व्हतं. एक पत्र्याची पेटी आन् सुंभाची मोळी. "येते, केरूदादा," म्हनली. मी गुलाबाच्या फांद्या छाटत व्हतो, "व्हय" म्हनलो आन् छाटत ऱ्हायलो. पेटी उचलून येष्टीपातुर न्यायला माझं काय गेलं असतं?

खरं सांगतो, ती गेल्यावर मला पिसावानी हलकं वाटायला पायजे व्हतं. तसं झालं न्हाई. काचघरात शिरलो की वर ते शिंकं. तिच्या हातची गाठ न् गाठ माझ्याकडं बघायची. आठ दिसांत मी वाईला जाऊन नवी भोकांची कुंडी आनली, पयल्यापेक्षा मोठी. शिंकं कापून चुलीत घातलं आन् अमेरिकावालीला माझ्या कुंडीत बसवली. आता फुलंल ती माझ्या हातनं फुलंल. मग बघू कुनाच्या हाताला गुन हाय.

शहात्तर गेलं. न्हाई. सत्याहत्तर गेलं. न्हाई. मी दर्ग्याचं पानीबी आनून घातलं, एवढा खाली उतरलो. मासळीचं धुवान घातलं, तर मांजरं आली. बाकीची झाडं माझ्यावर जीव टाकत व्हती, हीच तेवढी ताठून बसलेली. साहेबांचं बोलनं कमी झालं. अठ्ठ्याहत्तरच्या जूनमधी त्येंनी बोलावलं. म्हनले, "केरबा, ऑगस्टमध्ये ट्रस्टी येणार आहेत. त्यांना इथं टेबल-टेनिसची खोली बांधायची आहे. मी त्या फुलाचं सांगून त्यांना थोपवलंय. फूल दाखव, काचघर राहील. नाहीतर माझाही इलाज नाही."

माझं काचघर! महिनाभर अन्न ग्वाड लागंना. आषाढ निम्मा सरला. एका सकाळी फवारा मारला, नेहमीसारखी कुंडी फिरवून बघितली. भोकांतनं जाडसर, टोकदार मुळ्या बाहेर आल्या व्हत्या, त्या नखानं खुडल्या. पावसाळ्यात येत्यातच त्या. कुंडीबाहेरची मुळी खुडायची हे माझ्या उस्तादानं मला इसाव्या वर्सी शिकवलेलं. ठिवली की ती फळीला चिकटती आन् हलवताना झाड फाटतं. तीन व्हत्या. खुडल्या, धोतराला हात पुसला, आन् ठरवलं. गेला मान तर गेला. वाईला जायचं आन् तिला इचारायचं. पाय धरीन, पर काय घातलंस ते सांग म्हनंन.

पसरनीचा घाट उतरेपातुर तीनदा वाटलं, परत फिरावं. इचारत इचारत घर सापडलं. दारातच बाज टाकून विनत बसली व्हती. केस पिकले व्हते. मला बघून तोंडभर हसली. "आगं बया, केरूदादा! या, या. पावसाचं आलासा!"

मी बसलोच न्हाई. हुभ्या हुभ्याच सगळं सांगून टाकलं. दोन वर्सं फूल न्हाई, काचघर पाडनार, आन् तू काय घातलंवतंस ते सांग, तुझ्या पाया पडतो.

तिनं सुंभ खाली ठेवला. "कुठं हाय ती? शिंक्यात न्हाई?"

"कुंडीत घातली."

"आन् ते खालनं येतं, ते तुमी खुडता?"

"काय खालनं येतं?"

"ते वो, टोकदार, चाफ्याच्या कळीएवढं. तुमी नखानं खुडायचा की पावसाळ्यात. मीच झाडून काढायची. मलाबी वाटायचं मुळ्याच असतील. पर तुमी गावी गेला न् शिंक्याच्या बुडातनं तसलंच आलं. तुमी म्हनलावता हात लावू नगं. मी न्हाई लावला. ते वाढत गेलं, फुगलं, आन् फुटलं तर फूल! ती वर फुलतच न्हाई, केरूदादा. खाली फुलती. कळ्याच व्हत्या त्या."

पाऊस पत्र्यावर वाजत व्हता. मी बाजेच्या कडेवर बसलो, उघड्या लाकडावर. नऊ आन् दोन, अकरा वर्सं. दर आषाढात. ह्याच नखानं. त्या सकाळीबी.

मला राग आला. कुनावर काढू? तिच्यावरच काढला. "तवाच का न्हाई सांगितलंस? साहेब हुभे व्हते समोर! बोलायचं की!"

"साहेबानं तुमाला इचारलं," ती म्हनली. आवाज चढला न्हाई तिचा. "मला कुठं कुनी इचारलं? आन् मी बोलले असते तर तुमची लाज गेली असती चारचौघांत. माझी खोली गेली, ती गेलीच असती म्हना, माळी पायजे व्हता त्येंला. पर खोली गेल्याचं वाईट वाटलं बरं का, केरूदादा. लय वाटलं. मिरजेला पोरीकडं दोन वर्सं जावयाच्या दारात काढली मी, मग हिकडं परत आले."

ती आत गेली, चा घेऊन आली. कपबशीत. माझ्या म्होरं ठिवून पुन्ना बाजेला बसली, आन् एकदम तिला काय आठवलं तशी म्हनली, "आता आषाढच हाय की! यंदाबी आल्या असतील. आल्यात का हो खालनं?"

"आल्यात," मी म्हनलो.

"किती?"

"तीन."

बोललो ते एकबी अक्षर खोटं नव्हतं. पर ती अशी उजळली की काय सांगू. सुंभ टाकून टाळी वाजवली तिनं. "तीन! मग झालं तुमचं काम. वाचलं काचघर. आता हात लावू नगासा फक्त. श्रावनात वास फाटकापातुर जाईल बघा." तिचं सगळं मीच घेतलेलं, आन् ती माझ्यासाठी खूष व्हती. मनापासनं. मला ते कवाच जमलं नव्हतं कुनासाठी, आन् त्या जमन्याचाच मला त्या घटकेला लय हेवा वाटला.

"फुललं की निरोप धाडा, केरूदादा," ती म्हनली. "येष्टीनं येते बघायला."

"धाडतो," मी म्हनलो, आन् कप उष्टा तसाच ठिवून पावसात उठलो.